एका नात्याचे दोन अर्थ : अ‍ॅक्विटेनच्या एलिनॉरचे विवाह आणि त्यांची निवेदने

१

अ‍ॅक्विटेनच्या एलिनॉरविषयी (सुमारे ११२४–१२०४) गेल्या आठ शतकांत जेवढे लिहिले गेले, तेवढे तिच्या काळातील दुसऱ्या एखाद्या युरोपीय स्त्रीविषयी क्वचितच लिहिले गेले असेल. फ्रान्सचा सातवा लुई आणि इंग्लंडचा दुसरा हेन्री अशा दोन राजांची ती पत्नी. रिचर्ड आणि जॉन या राजांची आई. दुसऱ्या धर्मयुद्धात पतीसमवेत पूर्वेकडे गेलेली राणी. आणि पुत्रांच्या बंडाला साथ दिल्यामुळे सुमारे पंधरा वर्षे कैदेत राहिलेली स्त्री. एवढ्या घटनांनी भरलेल्या आयुष्याचा चरित्रकारांना मोह पडावा यात नवल नाही. परंतु या आयुष्याच्या साधनांकडे पाहिले असता एक विसंगती नजरेत भरते. तिच्याविषयीची तत्कालीन वर्णने जवळजवळ सर्वच धर्मपीठाशी संबंधित पुरुषांनी लिहिलेली आहेत. तिच्या नावाने निघालेल्या सनदा आणि दानपत्रे शंभराहून अधिक उपलब्ध आहेत. पण त्यांचा उपयोग दीर्घकाळ केवळ तारखा आणि मुक्काम निश्चित करण्यापुरता झाला. वर्णनांना 'संहिता' म्हणून वाचले गेले, दानपत्रांना फक्त 'साधन' म्हणून.

एलिनॉरचे चरित्र पुन्हा सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. तिच्या दोन विवाहांची जी निवेदने सिद्ध झाली, त्यांतील एका विधानाचा मागोवा घेणे एवढाच त्याचा मर्यादित हेतू आहे. राजा आणि राणी हे परस्परांचे निषिद्ध नात्यातील आप्त आहेत, हे ते विधान. ११४८ मध्ये ते राणीच्या तोंडी येते. ११४९ मध्ये पोप त्याचा उच्चार करण्यास मनाई करतो. ११५२ मध्ये धर्मसभा तेच विधान सत्य म्हणून स्वीकारते आणि विवाह शून्य ठरवते. वंशावळ या चार वर्षांत बदललेली नव्हती. बदलला तो विधान करणारा. स्त्रीने उच्चारलेले कायदेशीर विधान आणि पुरुषाने उच्चारलेले तेच विधान यांचे अर्थनिर्णयन निवेदक कोणत्या निकषांवर करतो, हा प्रश्न येथे केंद्रस्थानी आहे. त्याचे उत्तर केवळ मध्ययुगीन इतिवृत्तकारांनाच नव्हे, तर एलिनॉरचे गौरवीकरण करणाऱ्या आधुनिक लेखकांनाही अडचणीत आणणारे आहे.

२

प्रारंभी तत्कालीन विवाहव्यवस्थेची काही कल्पना असणे आवश्यक आहे. सातव्या पायरीपर्यंतच्या आप्तांमधील विवाह चर्चने निषिद्ध मानला होता. चौथ्या लॅटरन धर्मसभेने १२१५ मध्ये ही मर्यादा चौथ्या पायरीवर आणली. धर्मशास्त्रातील सापिंड्यविचाराशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला समान पूर्वजापासून पिढ्या मोजण्याची ही रीत अनोळखी वाटणार नाही. फरक असा, की तेथे आईकडून आणि वडिलांकडून मोजताना मर्यादा वेगवेगळ्या नव्हत्या. मोठी सरदारघराणी मोजकी आणि एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे या नियमानुसार जवळजवळ प्रत्येक प्रतिष्ठित विवाह तत्त्वतः आक्षेपार्ह ठरू शकत होता. नियम पाळणे अशक्यप्राय होते, आणि म्हणूनच तो सोयीचा होता. विवाह जुळवताना त्याचा विसर पडावा आणि मोडताना आठवण व्हावी, अशी त्याची रीत होती.

जॉर्ज द्यूबी याने १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्ययुगीन फ्रेंच विवाहसंस्थेवरील ग्रंथात या काळातील विवाहाच्या दोन प्रतिमानांचा संघर्ष मांडला आहे. सरदारवर्गाच्या दृष्टीने विवाह हा वंश आणि मालमत्ता टिकवण्याचा करार होता व गरजेनुसार तो मोडता येत असे. चर्चच्या दृष्टीने तो अभंग होता, निषिद्ध नात्याबाहेरच होऊ शकत होता आणि वधूवरांच्या संमतीवर आधारलेला होता. ११४० च्या सुमारास सिद्ध झालेल्या ग्रेशनच्या धर्मनियमसंग्रहापासून संमतीचा हा विचार शास्त्रचर्चेत केंद्रस्थानी येऊ लागला. एलिनॉरचा पहिला विवाह नेमका याच काळात, या दोन प्रतिमानांच्या सांध्यावर उभा आहे.

तिचा पिता, अ‍ॅक्विटेनचा दहावा विल्यम, सांतियागोच्या यात्रेत ९ एप्रिल ११३७ रोजी मरण पावला. पुत्र हयात नसल्यामुळे अ‍ॅक्विटेनची विस्तीर्ण डची एलिनॉरकडे आली. २५ जुलै रोजी बोर्दो येथे युवराज लुईशी तिचा विवाह झाला आणि अवघ्या आठवड्यात, १ ऑगस्टला, सहावा लुई मरण पावल्याने ती फ्रान्सची राणी झाली. वर्षातले चार महिनेही गेले नव्हते आणि कन्या, वारस, पत्नी, राणी ही सारी स्थित्यंतरे होऊन गेली होती. या घडामोडींत तिच्या संमतीचा स्वतंत्र उल्लेख कोणत्याही निवेदनाला आवश्यक वाटत नाही.

या विवाहाची एक मूर्त खूण आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. स्फटिकाचे हे पात्र एलिनॉरने लुईला दिले, लुईने ते सँ-दनीचा मठाधिपती स्यूजे याला दिले आणि स्यूजेने ते संतांच्या चरणी अर्पण केले. स्यूजेने पात्रावर कोरवून घेतलेल्या लेखात ही देवघेवीची साखळी नोंदवली आहे. तीत एलिनॉरचा उल्लेख वधू म्हणून येतो; पात्र मूळचे तिच्या आजोबांकडचे, हेही त्या लेखात आहे. वधू येथे 'देणारी' आहे हे खरे. तथापि दानाचा प्रवास पूर्ण होतो तो स्यूजेच्या नावाशी. अ‍ॅक्विटेनच्या डचीचा प्रवास कसा कल्पिला गेला होता, त्याचेच हे छोटे रूप म्हणता येईल. वधूच्या हातून निघालेली वस्तू राजाच्या हातून धर्मपीठाच्या छायेत स्थिर व्हावी, अशी ती योजना होती.

३

दुसऱ्या धर्मयुद्धाच्या काळात, मार्च ११४८ मध्ये, राजा आणि राणी अँटिओक येथे पोहोचले. तेथील राजपुत्र रेमंड हा एलिनॉरचा काका. फ्रेंच सैन्याने उत्तरेत अलेप्पोच्या दिशेने चढाई करावी अशी त्याची इच्छा होती. लुईचे लक्ष जेरुसलेमकडे लागले होते. राणीने अँटिओकमध्येच राहण्याची इच्छा दर्शवली आणि अखेर राजाने तिला बळाने तेथून नेले, एवढे साधनांवरून स्पष्ट होते. पुढील सात-आठशे वर्षे ज्या 'एलिनॉर'विषयी लिहिले गेले, ती या काही दिवसांतून घडवली गेली आहे. म्हणून या प्रसंगाच्या निवेदनांचा क्रम पाहणे उद्बोधक ठरते.

सर्वांत जवळचा साक्षीदार मौन पाळतो. राजाचा धर्मगुरू ओदो याने या मोहिमेचा वृत्तांत लिहिला; पण तो अँटिओकपाशी येऊन थांबतो. स्यूजेने राजाला पाठवलेले एक पत्र उपलब्ध आहे. राणीविषयी काही राग असेल तर तो स्वदेशी परत येईपर्यंत मनातच ठेवावा, असा सल्ला त्यात आहे. कलह होता, हे या पत्रातून कळते. कशाविषयी, ते कळत नाही.

कारण प्रथम सांगतो तो सॉल्झबरीचा जॉन. तो पुढे पोपच्या दरबारात होता, आणि त्याचा वृत्तांत सुमारे ११६४ चा, म्हणजे घटनेनंतर पंधराएक वर्षांचा आहे. राजपुत्र आणि राणी यांच्यातील दीर्घ संभाषणांमुळे राजाच्या मनात संशय आला, असे तो सांगतो. संभाषणे कशाविषयी होती, हे तो सांगत नाही. पुढे मात्र तो महत्त्वाची गोष्ट नोंदवतो. राजाने नेण्याची घाई केली तेव्हा राणीने नात्याचा प्रश्न उपस्थित केला. आपण चौथ्या आणि पाचव्या पायरीचे आप्त असल्याने एकत्र राहणे धर्म्य नाही, असे ती म्हणाली. लाँचा बिशप बार्थोलोम्यू याने ही गणना पूर्वीच केली होती, पण ती बरोबर की चूक याची खात्री नव्हती, अशीही पुस्ती जॉन जोडतो.

ही गणना तपासून पाहता येते. फ्रान्सचा राजा दुसरा रॉबर्ट हा उभयतांचा समान पूर्वज. त्याच्यापासून पहिला हेन्री, पहिला फिलिप, सहावा लुई या क्रमाने सातवा लुई चौथ्या पिढीत येतो. रॉबर्टचा दुसरा पुत्र बर्गंडीचा ड्यूक रॉबर्ट, त्याची कन्या हिल्डेगार्ड, तिचा पुत्र नववा विल्यम, त्याचा पुत्र दहावा विल्यम या क्रमाने एलिनॉर पाचव्या पिढीत येते. चौथी आणि पाचवी पायरी! राणीचे विधान अक्षरशः बिनचूक होते. एवढेच नव्हे, तर ११४३ च्या सुमारास, इतरांच्या विवाहावर नात्याचा आक्षेप घेणाऱ्या लुईला क्लेर्व्होच्या बर्नार्डनेही त्याच्या स्वतःच्या विवाहाकडे बोट दाखवले होते. म्हणजे विधान नवीन नव्हते, गुप्त नव्हते आणि खोटेही नव्हते.

तरीही जॉनच्या निवेदनात त्याचे स्थान काय आहे? ते संशयानंतर येते. आधी दीर्घ संभाषणे, मग राजाचा संशय, मग राणीची राहण्याची इच्छा, मग नात्याचा मुद्दा: या क्रमामुळे नात्याचा मुद्दा हा 'युक्तिवाद' न राहता 'निमित्त' होतो. निवेदक विधान नाकारत नाही. तो त्याला अशा जागी ठेवतो की वाचकाने त्याच्या मागे दुसरे काही शोधावे. राणीच्या बोलण्याला अर्थ आहे, पण तो तिच्या शब्दांत नाही, अशी ही वाचनपद्धती आहे.

पुढच्या निवेदनांत हा प्रवास वेगाने पुढे सरकतो. टायरच्या विल्यमने आपला ग्रंथ ११७० नंतर लिहायला घेतला. ११४८ मध्ये तो शिक्षणासाठी युरोपात होता. त्याच्या अँटिओक-प्रसंगात नात्याचा मुद्दा राणीच्या तोंडी उरत नाही. उरते ती वैवाहिक निष्ठा न जुमानणारी अविचारी स्त्री. ११९० च्या दशकात लिहिणारा डिव्हाइझेसचा रिचर्ड राणीची मनःपूर्वक स्तुती करतो, आणि समासात मात्र अँटिओकची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असली तरी तिची वाच्यता नको, असे सुचवतो. वाच्यता करू नका असे लिहिणे हीच सर्वांत प्रभावी वाच्यता! त्याच सुमारास न्यूबर्गचा विल्यम राणीची एक तक्रार नोंदवतो. राजा नव्हे, संन्यासीच आपल्या पदरी पडला, असा तिचा आशय. वेल्सचा जेराल्ड तर आंजू घराण्याच्या अधःपाताचे मूळ या विवाहाच्या कथित पापात शोधतो. १२६० च्या सुमारास ऱ्हीम्सचा एक भाट राणीला सलादीनबरोबर पळून जाताना दाखवतो. ११४८ मध्ये सलादीन दहा-अकरा वर्षांचा होता.

शंभराहून अधिक वर्षांच्या या प्रवासाची दिशा स्पष्ट आहे. वंशगणनेचे विधान पायरीपायरीने गळत जाते आणि त्या रिकाम्या जागी कामवासना येते. काका, मग भावी पतीचा पिता, मग शत्रुपक्षाचा सुलतान असे पुरुष बदलतात. कथानकाची रचना बदलत नाही. अँटिओकमध्ये प्रत्यक्ष काय घडले हे ठरवणे समीक्षेचे काम नाही. पण स्त्रीचा कायदेशीर युक्तिवाद कामकथेत रूपांतरित होण्याची ही प्रक्रिया संहितांतच लिहिलेली आहे आणि ती वाचणे समीक्षेचेच काम आहे.

४

परतीच्या वाटेवर, ११४९ मध्ये, टस्क्युलम येथे तिसऱ्या यूजीन पोपने पतिपत्नींचा समेट घडवला. जॉनच्याच वृत्तांतानुसार त्याने विवाह कायम केला, नात्याचा उल्लेखही कोणी करू नये अशी धर्मबहिष्काराच्या धाकाने आज्ञा केली आणि आपल्याकडील मौल्यवान पडद्यांनी सजवलेल्या शय्येवर दोघांना एकत्र निजवले. ११५० मध्ये जन्मली ती दुसरी कन्या आलिक्स. वारस पुत्र नव्हताच. २१ मार्च ११५२ रोजी बोजांसी येथील धर्मसभेने नात्याच्या कारणावरून विवाह शून्य ठरवला.

आता निवेदनाचा सूर पाहावा. लुईच्या गौरवार्थ लिहिलेल्या इतिवृत्तात राजाचे आप्त त्याच्याकडे येतात, राणी त्याच्या नात्यातील असल्याचे सांगतात, शपथ घेण्याची तयारी दाखवतात. आणि धर्माविरुद्ध वागणे नको म्हणून राजा विवाह पुढे चालवण्यास नकार देतो. चार वर्षांपूर्वी राणीने सांगितलेली आणि तीन वर्षांपूर्वी पोपने निषिद्ध केलेली गोष्ट येथे राजाला जणू प्रथमच कळते. ११४८ मध्ये जे 'निमित्त' होते ते ११५२ मध्ये 'सदसद्विवेक' झाले. हा विवेक किती टिकला याची साक्षही वंशावळच देते. ११५४ मध्ये लुईने कास्तीलच्या कॉन्स्टन्सशी विवाह केला. बर्गंडीचा रॉबर्ट, त्याची कन्या कॉन्स्टन्स, तिची कन्या उर्राका, तिचा पुत्र सातवा अल्फोन्सो, त्याची ही कन्या. दुसऱ्या रॉबर्टपासून तीही नेमकी पाचव्या पिढीतच येते, आणि तीही त्याच बर्गंडी शाखेतून. नाते जसेच्या तसे होते. या वेळी ते कोणालाही आठवले नाही.

एलिनॉरनेही तेच केले, हे नजरेआड करून चालणार नाही. विवाह शून्य ठरल्यापासून दोन महिन्यांच्या आत, १८ मे ११५२ रोजी, तिने प्वातिए येथे आंजूचा काउंट व नॉर्मंडीचा ड्यूक हेन्री याच्याशी विवाह केला. आंजूची एरमेंगार्ड हिच्यापासून मोजल्यास एलिनॉर आणि हेन्री दोघेही चौथ्या पिढीत येतात, म्हणजे हे नाते पहिल्याहून जवळचे होते. नियमाचा सोयीस्कर वापर दोन्ही पक्षांनी केला. एलिनॉरला नियमाची बळी किंवा नियमाविरुद्ध बंड करणारी ठरवणे त्यामुळे कठीण होते. ती नियमाची भाषा जाणणारी आणि वापरणारी आहे. फरक पडतो तो एवढाच, की राजाच्या वापराला निवेदकांनी धर्मनिष्ठा म्हटले आणि राणीच्या वापराला चंचलता.

याच आठवड्यांत तिच्या नावाने निघालेली दोन दानपत्रे या दृष्टीने अत्यंत मोलाची आहेत. फोंतेव्रोच्या मठाला दिलेल्या दानपत्रात आपण नात्याच्या कारणावरून लुईपासून विभक्त झाल्याचे आणि हेन्रीशी विवाहबद्ध झाल्याचे ती सलग नोंदवते आणि मग मठाला भेट देण्याच्या प्रेरणेकडे वळते. ज्या घटनेवर इतिवृत्तकारांनी पाने खर्ची घातली, ती येथे एका वाक्याच्या अंगभूत उपवाक्यांत संपते. पश्चात्ताप नाही, समर्थन नाही, वासनेचा उल्लेख नाही. कारण एकच: नाते. अँटिओकमध्ये ज्याला निमित्त म्हटले गेले, तेच विधान येथे तिच्या मुद्रेसह अधिकृत होते.

दुसरे दानपत्र सँ-मेक्साँच्या मठासाठी आहे. राणी असताना लुईसमवेत तिने या मठाला एक अरण्य दान केले होते. राजापासून विभक्त होताच तिने ते परत घेतले आणि नंतर मठाधिपतीच्या विनंतीवरून पुन्हा दिले. हे सांगताना, पूर्वी जणू अनिच्छेने केलेले दान आता आनंदाने करीत आहोत, अशा आशयाचे शब्द दानपत्रात येतात.

मूळ लॅटिनमधील 'जणू' या अर्थाचे पद येथे थांबून वाचण्यासारखे आहे. दान पूर्णपणे अनिच्छेचे होते असे म्हटले तर ते मुळातच अवैध ठरेल. ते स्वेच्छेचे होते असे म्हटले तर परत घेण्याला आधार उरणार नाही. 'जणू' हे पद दोन्ही टोके टाळून मधली जागा निर्माण करते. ती संमती होती, आणि तरीही ती संमती नव्हती. शून्य ठरलेल्या विवाहाची अवस्थाही हीच आहे. पंधरा वर्षे चाललेला विवाह कायद्याच्या दृष्टीने कधी झालाच नव्हता. पण त्यातून झालेल्या मारी आणि आलिक्स या कन्या औरस राहिल्या व पित्याकडेच राहिल्या. लुई स्वतः ११५४ पर्यंत अ‍ॅक्विटेनचा ड्यूक म्हणवून घेत होता. न झालेल्या विवाहातून त्याला ते पद मिळाले होते!

या वाक्याला एलिनॉरचे आत्मनिवेदन समजण्याचा मोह टाळला पाहिजे. दानपत्राची भाषा लेखनिकाची असते, तिचे साचे ठरलेले असतात आणि जुने दान नव्याने वैध करून घेण्यात मठाचाही स्वार्थ असतो. तथापि साच्यातून होणारे बोलणे म्हणजे न बोलणे नव्हे. ज्या व्यवस्थेत स्त्रीची संमती शास्त्रात अनिवार्य आणि व्यवहारात अनुल्लेखित होती, तेथे संमतीच्या अभावाची नोंद एका अरण्याच्या दानाच्या निमित्ताने का होईना अधिकृत दस्तऐवजात होते, ही घटना लहान नाही.

५

इतिवृत्तकारांच्या एलिनॉरचा प्रतिवाद करण्यासाठी आधुनिक काळात जी एलिनॉर उभी राहिली, ती प्रेमाच्या दरबाराची अधिष्ठात्री होय. याचा आधार म्हणजे आंद्रेआस कापेलानसचा ११८० च्या दशकातील प्रेमविषयक ग्रंथ. त्यात राणी एलिनॉर, तिची कन्या शांपेनची काउंटेस मारी, नार्बोनची एरमेंगार्ड इत्यादी स्त्रिया प्रेमिकांच्या तंट्यांवर निवाडे देतात. पतिपत्नींमध्ये खरे प्रेम असू शकत नाही, या मारीच्या सुप्रसिद्ध निवाड्यावर १ मे ११७४ ही तारीख आहे. गास्तों पारी याने १८८३ मध्ये 'दरबारी प्रेम' ही संज्ञा रूढ केल्यावर हे निवाडे प्रत्यक्ष संस्थेची इतिवृत्ते असल्यासारखे वाचले जाऊ लागले. एमी केली हिच्या १९५० मधील चरित्रात प्वातिएचा हा दरबार पूर्ण वैभवात दिसतो.

अडचण अशी, की मे ११७४ मध्ये एलिनॉर हेन्रीच्या कैदेत होती. जॉन बेंटन याने १९६१ मध्ये शांपेनच्या दरबारावरील अभ्यासात दाखवून दिल्याप्रमाणे ११५२ नंतर मायलेकींची भेट झाल्याचा विश्वसनीय पुरावाही नाही. पण ऐतिहासिक अडचणीहून वाङ्मयीन अडचण अधिक बोलकी आहे. कापेलानसच्या एका प्रकरणात अजाणता नात्यातील स्त्रीशी प्रेमबद्ध झालेला पुरुष, नाते कळताच तिला सोडू पाहतो. चूक अजाणता झाली, म्हणून प्रेम टिकवावे, असे ती स्त्री म्हणते. निवाडा राणीकडे येतो, आणि राणी स्त्रीच्या विरुद्ध निकाल देते. नात्याच्या कारणावरून विभक्त झालेल्या आणि लगेच दुसऱ्या आप्ताशी विवाह केलेल्या राणीच्या तोंडी धर्मगुरू असलेला लेखक हा निवाडा घालतो, तेव्हा तत्कालीन जाणत्या वाचकाला त्यातील उपरोध कळला नसेल असे मानणे अवघड आहे. ज्या प्रकरणाला आधुनिक वाचक स्त्रीच्या सांस्कृतिक सत्तेचा पुरावा समजले, ते बहुधा तिच्यावरचा विनोद होते. अँटिओकचे विधान येथे तिसऱ्यांदा आणि विडंबनाच्या रूपात परतते.

प्रेमाची राणी ही वासनेच्या राणीचीच उजळ बाजू आहे, हे येथे लक्षात येते. मूल्य बदलते, रचना तीच राहते. दोन्हींमध्ये एलिनॉरच्या कृतींचे स्पष्टीकरण तिच्या प्रेमभावनेतच शोधले जाते. रोझामंडची दंतकथा हेच तिसऱ्या प्रकारे करते. हेन्रीची प्रेयसी रोझामंड क्लिफर्ड ११७६ च्या सुमारास मरण पावली तेव्हा एलिनॉर कैदेत होती. तरी चौदाव्या शतकापासून मत्सरी राणीने तिचा जीव घेतल्याची कथा वाढत गेली. ११७३ चे बंड वस्तुतः अ‍ॅक्विटेनवरील अधिकार आणि पुत्रांचे वारसाहक्क यांच्याशी निगडित होते. मत्सराच्या कथेत त्या राजकीय आशयाला जागाच उरत नाही.

या भावुकतेवर द्यूबीने १९९५ मधील बाराव्या शतकातील स्त्रियांवरील लेखनात कठोर प्रहार केला. वारसदार स्त्री ही या समाजात देवघेवीची वस्तू होती आणि तिच्याविषयीचे सारे लेखन धर्मगुरूंचे, पर्यायाने त्यांच्याच मनोविश्वाविषयीचे आहे, हा त्याचा आग्रह आवश्यक होता. परंतु या भूमिकेची परिणती स्त्रीच्या संपूर्ण मौनात होते. वर्णने अविश्वसनीय म्हणून बाजूला सारली आणि दानपत्रांत केवळ कुलाचा व्यवहार पाहिला, की बोलणारी स्त्री कोठेच उरत नाही. २००९ मध्ये राल्फ टर्नरने तिचे चरित्र प्रामुख्याने सत्तेच्या व्यवहारातून मांडले, आणि २०१४ मध्ये मायकेल इव्हान्सने तिच्या 'अपवादात्मकतेची' मिथ्यकथा कशी रचली गेली ते दाखवले. या अभ्यासांनी दस्तऐवजांकडे पुन्हा लक्ष वेधले ही मोठी गोष्ट आहे. त्या दस्तऐवजांचे संहिता म्हणून वाचन करणे, हे त्यापुढचे पाऊल होय.

६

ब्लवाचा पीटर या पत्रलेखकाचे उदाहरण या संदर्भात निर्णायक वाटते. ११७३ मध्ये रूआँचा आर्चबिशप रोत्रू याच्या नावाने त्याने एलिनॉरला पत्र लिहिले. पत्नीने पतीच्या आज्ञेत असावे, पुत्रांसह परत यावे, अन्यथा धर्मपीठाचा दंड सोसावा, असा त्याचा आशय. त्यानंतर वीस वर्षांनी, रिचर्ड जर्मनीत बंदी असताना, तिसऱ्या सेलेस्टीन पोपला उद्देशून एलिनॉरच्या नावाने लिहिलेली पत्रेही याच पीटरच्या पत्रसंग्रहात आहेत. त्यांत राणी 'देवाच्या कृपेने' या रूढ बिरुदाच्या जागी देवाच्या कोपाचा उल्लेख करते आणि पुत्राच्या सुटकेसाठी काही न करणाऱ्या पोपला धारेवर धरते. ही पत्रे प्रत्यक्ष पाठवली गेली की तो केवळ शैलीचा अभ्यास होता, याविषयी मतभेद आहेत. पण एकच लेखणी अवज्ञाकारी पत्नी आणि शोकमग्न माता या दोन्ही भूमिका सारख्याच सफाईने उभ्या करते, ही गोष्ट वादातीत आहे. उपलब्ध भूमिका या दोनच. तिसरी, म्हणजे राज्यकर्तीची, या गद्याच्या साच्यात बसत नव्हती.

ती बसली दानपत्रांत. हेन्री ६ जुलै ११८९ रोजी मरण पावला, आणि एलिनॉरच्या उपलब्ध सनदांपैकी मोठा भाग त्यानंतरच्या पंधरा वर्षांतला आहे. या काळात तिने रिचर्डच्या अनुपस्थितीत राज्याची घडी सांभाळली, दीड लाख मार्कांच्या खंडणीची उभारणी केली आणि १२०० मध्ये, पंचाहत्तरीच्या घरात, पिरेनीज ओलांडून कास्तीलहून नात ब्लान्शला फ्रान्सच्या युवराजासाठी वधू म्हणून आणले. या अखेरच्या प्रवासाने कोणत्याही सोयीस्कर निष्कर्षाला छेद जातो. १३ वर्षांची असताना जी देवघेवीची वस्तू झाली, तीच आता देवघेव करणारी झाली होती. ब्लान्शच्या संमतीचाही उल्लेख कोणी केलेला नाही.

स्त्रीवादी समीक्षेने विस्मृत स्त्रियांना प्रकाशात आणण्याचे ऐतिहासिक कार्य केले आहे. परंतु उद्धाराच्या घाईत पूर्वीच्याच कथानकाचे केवळ मूल्य पालटून घेण्याचा धोका असतो. कुलटेची नायिका होते, आणि तिने नेमके काय म्हटले होते हा प्रश्न पुन्हा अनुत्तरित राहतो. एलिनॉरच्या बाबतीत त्याचे उत्तर उपलब्ध आहे. आपण चौथ्या आणि पाचव्या पायरीचे आप्त आहोत, असे ती म्हणाली होती. ते खरे होते, तिच्या हिताचे होते आणि कायद्याच्या भाषेत होते. वासना, प्रेम किंवा बंडखोरी यांपैकी कशाचेही साह्य न घेता तो एक युक्तिवाद म्हणून वाचणे आठ शतके का अवघड गेले, याचे उत्तर एलिनॉरच्या चरित्रात मिळणार नाही. ते वाचनाच्या सवयींतच शोधावे लागेल.